लोटाने वेदी कोठे बांधली?

शास्त्रपाठ : उत्पत्ति १३:१-१८



आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूर हे गाव आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिलेले नसेल. नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या हमरस्त्यावर, आदिलाबाद व निर्मळ यांच्या दरम्यान इच्चोडा लागते. तेथून आत वळावे लागते. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. पुष्कळ घरांत मराठी, कचेरीत तेलुगू, आणि बाजाराच्या दिवशी गोंडी व लंबाडीही कानावर पडते. तेथील पाचसहा ख्रिस्ती कुटुंबे रविवारी एका कौलारू घरात उपासनेस जमतात. वर्षातून दोनतीनदा वचनसेवेसाठी आम्हांस तेथे जाण्याचा योग येतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच घरात एका प्रश्नाने आमची परीक्षा घेतली आणि त्या परीक्षेत आम्ही नापास झालो, हे आरंभीच सांगून टाकतो.

त्या घरची मुलगी हुशार. दहावीपर्यंत गावात शिकली आणि बासरच्या विद्यापीठात निवडली गेली. खेड्यापाड्यांतील मुलांसाठी २००८ साली निघालेले हे विद्यापीठ. लोक त्याला ट्रिपल आयटी म्हणतात. दहावीनंतर सहा वर्षे तेथेच राहून मुले इंजिनियर होऊन बाहेर पडतात. ती दुसऱ्या वर्षात असताना वडील प्रभूमध्ये झोपी गेले. घरी आई आणि थोरला भाऊ. यंदा शेवटच्या वर्षी तिला दोन कंपन्यांची पत्रे आली. एक हैदराबादची, वर्षाला आठ लाख. दुसरी पुण्याची, साडेनऊ लाख. एवढ्या रकमा त्या ओसरीवर आजवर फक्त अडत्याच्या तोंडून ऐकू आल्या होत्या. आठ दिवसांत कळवायचे होते.

घरात अर्थातच दोन तट पडले. चुलते म्हणत, हैदराबाद. आपले राज्य, तेलुगू येतेच, रात्रीच्या बसने निघाले तर पहाटे इच्चोड्यास उतरता येते. मामा किनवटकडचे, ते म्हणत, पुणे. पगार जास्त, भाषा आपली, पुढे सोयरीक जमवायला सोपे. ह्या ओढाताणीचे कोणी नवल करू नये. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूरचे सर्कल मुंबई राज्यात गेले. बोथचा उरलेला भाग आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. जमिनीची वाटणी झाली, नात्यांची झाली नाही. आजही आदिलाबादहून सुटलेली गाडी किनवटवरून मुदखेडला येते आणि तेथे रूळ फुटतात. एक वाट नांदेड-परभणीवरून मुंबई-पुण्याकडे, दुसरी बासर-निजामाबादवरून सिकंदराबादकडे. ह्या मुलखातील प्रत्येक शिकल्यासवरल्या मुलाच्या आयुष्यात एक मुदखेड येतेच.

शनिवारी दुपारी आम्ही पोहोचलो. हातात चहाचा कप होता. मुलगी समोर येऊन बसली व म्हणाली, “काका, आता तुम्हीच सांगा. हैदराबाद की पुणे?”

आम्ही कप खाली ठेवण्यापूर्वीच उत्तर दिले, “अगं, दीड लाखाचा फरक आहे. पुणेच. शिवाय तेथे मराठी उपासना मिळेल.”

ती “बरं” म्हणून उठली. मामांचा चेहरा खुलला. आमच्याही मनाला बरे वाटले की, चला, एका लेकराचा प्रश्न सोडवला. “शिवाय” हा आपलाच शब्द आम्ही ऐकला तो मात्र रात्री. देवाच्या घराला आम्ही भाजीवर वरून टाकलेल्या कोथिंबिरीची जागा दिली होती!

दुसऱ्या दिवशीच्या संदेशासाठी उत्पत्तीचा तेरावा अध्याय आम्ही घरूनच ठरवून आणला होता. अब्राम आणि लोट, चुलता आणि पुतण्या. दोघांची गुरेमेंढरे इतकी वाढली की त्या प्रदेशात दोघांचे पोट भरेना. गुराखी भांडू लागले. तेव्हा अब्रामाने लोटाला म्हटले की भांडण नको. तू एका बाजूला जा, मी दुसऱ्या बाजूला जातो, आणि बाजू कोणती ते तू आधी ठरव. वाचकहो, येथे जरा थांबा. थोरला कोण? अब्राम. अभिवचन कोणाला मिळाले होते? अब्रामाला. पहिली निवड कोणाची? अब्रामाची. आणि ती त्याने धाकट्याच्या हातात देऊन टाकली.

लोटाने काय केले? नजर टाकली. यार्देनेचे खोरे पाण्याने भरलेले दिसले. ते मिसर देशासारखे दिसत होते असे शास्त्र सांगते, आणि हा शब्द तेथे उगाच आलेला नाही. चुलता-पुतण्या नुकतेच मिसरातून परतले होते. मिसराचे भरलेले बाजार ज्या डोळ्यांनी एकदा पाहिले, त्या डोळ्यांना त्यानंतर सगळीकडे मिसरच हवे असते. लोटाने खोरे निवडले, ह्यात पाप काय? काहीच नाही. गुरांना पाणी हवेच. परंतु चुलत्याला उलटून एक शब्द विचारल्याचा उल्लेख सबंध अध्यायात नाही. “बाबा, तुम्ही कोठे जाल? डोंगराकडे पाणी पुरेल का?” एवढेही नाही.

पुढची हकीगत शब्बाथ शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे, पण ती किती सावकाश घडली हे आपण त्यांना क्वचित सांगतो. तेराव्या अध्यायात लोटाचे तंबू सदोमाच्या बाजूला सरकत गेलेले दिसतात. चौदाव्यात तो सदोमात राहत आहे. एकोणिसाव्यात तो सदोमाच्या वेशीत बसलेला आहे, म्हणजे गावचा प्रतिष्ठित झाला आहे. कोणत्याही एका दिवशी त्याने देवाला सोडले नाही. प्रेषित पेत्र तर आपल्या दुसऱ्या पत्रात त्याला नीतिमान म्हणतो, आणि तेथील अनाचाराने त्याचा जीव कासावीस होत असे, असेही सांगतो. चांगला मनुष्य होता. परंतु संकटाच्या रात्री त्याने जावयांना सावध केले तेव्हा त्यांना तो थट्टा करतो आहे असे वाटले. इतकी वर्षे त्याच्या तोंडून देवाची गोष्ट त्यांनी ऐकलीच नसेल, तर दुसरे काय वाटणार?

अब्राम जेथे गेला तेथे त्याने वेदी बांधली. बेथेलजवळ बांधली होती, आता हेब्रोनात मम्रेच्या झाडांपाशी बांधली. लोटाची वेदी कोठे आहे? आम्ही कंदिलाजवळ बसून (वीज गेली होती) पाने उलटली. तंबू आहे, गुरे आहेत, पुढे घर आहे, दार आहे, वेशीतली बैठक आहे. वेदी नाही.

हे वाचताना आमचा हात थांबला, कारण ही गोष्ट आमच्याच घरातली आहे. वीसेक वर्षांपूर्वी आम्हीही गाव सोडून एका शहरात नोकरीस गेलो. रविवारी काम केले तर दुप्पट मजुरी मिळे. पहिल्या महिन्यात एक रविवार गेला, पुढच्या महिन्यात दोन. आमची खोली कारखान्याजवळ होती आणि प्रार्थनामंदिर दोन बस बदलून. दीड वर्ष आम्ही उपासनेस गेलो नाही, आणि कोणी विचारले असते तर “मी ख्रिस्ती आहे” हे उत्तर आम्ही छातीवर हात ठेवून दिले असते. मंडळीत आमची जागा रिकामी होती आणि आम्हांला स्वतःला ती रिकामी वाटत नव्हती. प्रभूने दया केली, परत आणले. पुढे ईशज्ञानाचा अभ्यासही करविला. पण ज्याचा तंबू एकदा असा सरकला होता, त्यानेच आज एका मुलीला आधी दीड लाख दाखवले आणि मग “शिवाय” म्हटले.

आम्ही मान वर केली. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला मोबाइलच्या उजेडात मुलीचा थोरला भाऊ वही घेऊन बसला होता. मृगाच्या आधी कापसाच्या बियाण्याच्या पिशव्या घ्यायच्या, त्याचा हिशेब. घरची पाच एकर, तीन एकर मक्त्याने. वडील गेले तेव्हा ह्या मुलाचे इंटर झाले होते आणि आदिलाबादच्या कॉलेजात नाव घालायचे ठरले होते. पाच एकरांत दोघांचे शिक्षण निघेना. तो म्हणाला, “ती शिकू दे.” पहिली निवड त्याची होती. त्याने ती धाकटीच्या हातात देऊन टाकली.

त्या रात्रीपर्यंत आम्ही असे समजत होतो की ह्या घरातील अब्राम म्हणजे परक्या देशी निघालेली ती मुलगी. परमुलखास जाणारा म्हणजे अब्राम, असे आपण प्रवचनांतून किती सहज सांगतो! परंतु येथे अब्राम ओसरीवर बसून बियाण्याचा हिशेब करीत होता, आणि चुलते, मामा, आम्ही, आमच्यापैकी एकानेही त्याला एक शब्द विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तयार केलेला संदेश आम्ही बाजूला ठेवला आणि आदल्या दिवशीची आमची चूक मंडळीपुढे बोलून दाखवली. त्या वेळी जे सांगितले ते थोडेसे येथे देतो.

पहिले हे की, हैदराबाद म्हणजे सदोम आणि पुणे म्हणजे हेब्रोन असे कोणी समजू नये. उलटेही समजू नये. (हे ऐकून मामांनी आणि चुलत्यांनी एकमेकांकडे पाहिले.) बाबेलमध्ये धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पत्र पाठवले, त्यात त्याने त्यांना बाबेलला शिव्या देण्यास सांगितले नाही. घरे बांधा, मळे लावा, त्या नगरासाठी प्रार्थना करा, असे सांगितले. ज्या शहरात आपण भाकर मिळवतो त्याच्या हितासाठी प्रार्थना करणे हे आपले काम आहे, मग ते गच्चीबावली असो की हिंजवडी.

दुसरे, पैशाचा हिशेब करणे हे पाप नाही. बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो, असे प्रभूनेच सांगितले आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले आणि १८९० च्या नोव्हेंबरात ते पुण्यास हलवले. मुंबईचा खर्च झेपेना, हे त्याचे एक कारण होते. दोन मोठ्या शहरांमध्ये रमाबाईंनीही भाड्याचा विचार केला. त्यात कमीपणा नव्हता, कारण हिशेब कोणासाठी चालला आहे हे त्यांस ठाऊक होते. म्हणूनच पुढे १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींना जागा पुरेना आणि पुण्यात प्लेग आला, तेव्हा ते शहरही मागे टाकून केडगावच्या माळावर जाणे त्यांस जड गेले नाही. आजच्या मुलाने पगार, भाडे, बसचे तिकीट, सगळे कागदावर मांडावे. फक्त त्या कागदावर आईच्या डोळ्यातला मोतीबिंदू आणि भावाचे कर्ज हेही लिहावे.

तिसरी गोष्ट अक्विला व प्रिस्किल्ला ह्यांची. हे जोडपे प्रवचनांतून फार येत नाही, पण शहरात नोकरीला जाणाऱ्या तरुणांचे ते खरे सोबती आहेत. अक्विला मूळचा पंत प्रांताचा. रोममध्ये राहत होते. क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोम सोडण्याचा हुकूम केला म्हणून करिंथास आले. तेथे पौल त्यांच्याकडे उतरला, कारण धंदा एकच, तंबू करण्याचा. पुढे ते इफिसास गेले, पुढे पुन्हा रोमास. तिन्ही मोठी व्यापारी शहरे, तिन्ही पैशाने फुगलेली. ह्या तीनपैकी कोणते शहर निवडणे योग्य होते, ह्याविषयी शास्त्र काहीच म्हणत नाही. पण इफिसाहून पौल सलाम कळवतो तो त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीसह, आणि रोमकरांच्या पत्रातही सलाम सांगतो तो त्यांना व त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला. लोटही तंबूतच राहत होता. हे दोघे तर तंबू शिवून विकत होते. तरी त्यांचा स्वतःचा तंबू कोठे सरकत गेला नाही, कारण त्यांनी ज्या शहरी पाऊल ठेवले त्या शहरी आधी वेदीची जागा पाहिली.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांशी दोन शब्द बोलायचे आहेत. मुलगा किंवा मुलगी नोकरीस निघते तेव्हा गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधार कार्ड, सगळ्यांच्या तीन तीन नकला काढल्या जातात. मंडळीच्या सभासदत्वाचा दाखला किती जण मागतात? फिबी रोमास निघाली तेव्हा पौलाने तिच्याविषयी पत्रातच लिहून दिले की ही आमची बहीण आहे, हिला सांभाळा. आपण निदान त्या शहरातील एका पाळकाला पत्र लिहावे. फोन केला तरी चालेल, पण त्या पाळकाने दोन आठवड्यांनी उलट फोन करावा एवढा आग्रह धरावा. आम्ही दीड वर्ष हरवलो होतो तेव्हा आमच्या नावाने कोणाचे पत्र त्या शहरात गेले नव्हते. आम्ही कोणाला दोष देत नाही; आम्हीही मागितले नव्हते. आणि मोठ्या मुलांच्या वर्गात लोटाचा धडा घ्याल तेव्हा मिठाच्या खांबावर सगळा तास घालवू नका. तेराव्या अध्यायावर थांबा. तुम्ही शिकता यावे म्हणून घरातील कोणाचे शिक्षण थांबले आहे, एवढे विचारा. वर्गात जी शांतता पसरेल तीही शिकवीत असते.

असो. उपासना संपल्यावर जेवणे झाली. त्यानंतर बहीणभाऊ मागच्या अंगणात बाजेवर बसले. आम्ही तेथे नव्हतो. जे कळले ते तिच्याकडून. तिने विचारले, “दादा, तुला काय पाहिजे?” तो हसला. म्हणाला, मला काय पाहिजे असणार. तिने पुन्हा विचारले, तेव्हा त्याने दोन गोष्टी सांगितल्या. बियाणे, खत आणि वडिलांच्या दवाखान्याचे मिळून चार लाख देणे आहे, हे तिला आजवर मुद्दामच सांगितले नव्हते. आणि दुसरी गोष्ट सांगताना तो लाजला. हैदराबादच्या डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठातून घरबसल्या बी.ए. करता येते, असे त्याने ऐकले होते. अर्ज दोनदा आणला आणि दोनदा फाडला, कारण परीक्षा वेचणीच्या दिवसांत आली तर शेताकडे कोण पाहणार?

त्या रात्री दोघांनी पुन्हा कागद मांडला. नव्याने मांडल्यावर दीड लाखाचा फरक आमच्या डोळ्यांना दिसला तितका मोठा राहिला नाही. पुण्याचे अंतर मात्र मोठे झाले. तिने हैदराबाद लिहून पाठवले. आमचे मत पडले, आणि त्याचे आम्हांस दुःख नाही. दुसऱ्या एखाद्या घरात, जेथे कर्ज जास्त आणि पाहणारी माणसे पुष्कळ, तेथे हाच कागद पुणे म्हणाला असता आणि तेही बरोबरच ठरले असते. मामा थोडे रुसले आहेत.

जूनमध्ये ती गेली. सभासदत्वाचा दाखला आम्ही स्वतः पाकिटात घालून दिला. तेथील एका पाळकांना फोन केला. उपासना तेलुगूत आहे, ती तिला समजते, गाणी अजून अवघड जातात. जाताना तिने गावच्या मुलांचा रविवारचा वर्ग सोडला नाही. पंधरा दिवसांनी येईन म्हणाली. आजपर्यंत ती चार वेळा आली, दोन वेळा येऊ शकली नाही. एकदा काम होते. दुसऱ्यांदा काय होते ते तिने सांगितले नाही, आणि आम्ही त्या आठवड्यात दोनदा फोन केला.

त्या दोन रविवारी वर्ग तिच्या भावाने घेतला. मुक्त विद्यापीठाचा अर्ज त्याने भरला आहे. मुलांना त्याचा वर्ग फार आवडला, असे त्याची आई सांगत होती. दावीद व गल्याथाची गोष्ट सांगण्यासाठी तो शेतातून पाखरे हाकायची गोफण घेऊन आला आणि अंगणात उभे राहून ती खरोखरच फिरवून दाखवली. घराचे एक कौल फुटले आहे. ते पावसाळ्याच्या आत बसवायचे राहून गेले.